नवख्याकडे चेंडू कोण फेकतो?

अमेरिकेत मुलीकडे राहायला गेलेल्या मराठी बापाची दिनचर्या साधारण ठरलेली असते. सकाळचा चहा, नातवाला शाळेच्या बसपर्यंत पोचवणे, दुपारची डुलकी आणि संध्याकाळी जावयाबरोबर भारतातल्या राजकारणावर सभ्य मतभेद. रविवार मात्र वेगळा. २०२३ च्या सप्टेंबरात मी न्यू जर्सीला होतो, तेव्हा त्या घरातल्या रविवारवर माझ्या बारा वर्षांच्या नातवाची सत्ता होती. दुपारी एकच्या ठोक्याला तो टीव्ही लावी आणि रात्री लेकीने तिसऱ्यांदा हाक मारेपर्यंत तो बंद होत नसे. पडद्यावर शिरस्त्राणे घातलेली धिप्पाड माणसे एकमेकांच्या अंगावर आदळत. मी क्रिकेटवर वाढलेला माणूस. ज्या खेळाला फुटबॉल म्हणतात आणि ज्यात चेंडूला पाय क्वचितच लागतो, त्याविषयी माझे मत काय असणार!

नातवाचा आणि त्याच्या नऊ मित्रांचा एक लुटुपुटीचा डाव चालू होता. खऱ्या खेळाडूंची नावे आळीपाळीने उचलून प्रत्येकाने आपला कागदी संघ बांधायचा. ते खेळाडू खऱ्या सामन्यात जे काही करतील त्याचे गुण आपल्या खात्यावर जमा. पहिल्या आठवड्यानंतर नातवाने एक नाव उचलले. दहा जणांपैकी कोणीही ते घेतलेले नव्हते. पुका नाकुआ. लॉस एंजेलिस रॅम्सचा वाइड रिसीव्हर, वय बावीस, व्यावसायिक खेळातले पहिलेच वर्ष. निवड झाली ती पाचव्या फेरीत, एकूण १७७ व्या क्रमांकावर.

"अरे, एक सामना बरा खेळला म्हणून काय झालं?" जावई म्हणाले. "कोणीतरी नाव असलेला घे."

"बाबा, त्याच्याकडे बॉल येतोय," नातू म्हणाला. "बाकी मला माहीत नाही. बॉल येतोय."

मी तटस्थ राहिलो. मनातून जावयाच्या बाजूने. पस्तीस वर्षे बँकेत काढलेला माणूस नाव नसलेल्याला सहसा उधार देत नाही. पण नातवाचे ते वाक्य माझ्या डोक्यात राहिले आणि पुढचे तीन-चार महिने मी या खेळातल्या नवख्यांच्या मागे लागलो. जुने आकडे वाचले, जुने सामने पाहिले. आकडे वाचण्याची सवय जुनीच आहे, फक्त खाती बदलली.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मैदान शंभर यार्डांचे. चेंडू ज्यांच्याकडे आहे त्यांनी चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे. सरकले तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात, नाही तर चेंडू दुसऱ्यांना द्यायचा. असे सरकत शेवटच्या रेषेपलीकडे पोचले की टचडाउन. क्वार्टरबॅक नावाचा गडी मध्ये उभा राहून चेंडू फेकतो. त्याच्या अंगावर धावून येणारे धटिंगण त्याला फेकायला जेमतेम तीन सेकंद देतात. वाइड रिसीव्हर हा अगदी कडेला, एकटा उभा असतो. त्याने ठरलेल्या वाटेने पळायचे, समोरच्या कॉर्नरबॅकला हुलकावणी द्यायची, आणि ठरलेल्या क्षणी वळून पाहायचे. चेंडू तोवर सुटलेला असतो. कित्येकदा तो वळायच्या आधीच, जिथे अजून कोणीच नाही अशा जागेकडे. कबड्डीतली हूल, खो-खोतली चकवाचकवी आणि सीमारेषेवरचा झेल हे सगळे एका दमात, आणि झेल हातात येताच पाठीवर शंभर किलोंचा माणूस. दोन्ही पाय रेषेच्या आत पडले पाहिजेत, हे वेगळेच.

अशा कामात पहिल्या वर्षी चमकणे कठीण. कॉलेजात मोजक्या वाटा पळून भागते. इथे डावपेचांची वही जाडजूड असते आणि समोर उभा असलेला कॉर्नरबॅक दहा-दहा वर्षे हाच धंदा करून मुरलेला असतो. रिसीव्हर तिसऱ्या वर्षी पिकतो असा तिकडे जुना समज होता. जेरी राइसचे उदाहरण घ्या. सर्वकाळातला सर्वश्रेष्ठ रिसीव्हर म्हणून बहुतेक जण त्याचेच नाव घेतात. कारकिर्दीत २२,८९५ यार्ड, दुसरा कोणी जवळपासही नाही. मिसिसिपीतल्या गवंड्याचा हा मुलगा. सुट्टीत बापाच्या हाताखाली काम करताना भाऊ खालून विटा फेकत आणि हा वर उभा राहून झेलत असे. १९८५ साली तो सॅन फ्रान्सिस्कोच्या संघात आला आणि चक्क चेंडू सोडू लागला. घरच्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. वर्षअखेरीस खात्यावर ४९ झेल, ९२७ यार्ड, ३ टचडाउन. वाईट नाही, पण डोळे दिपावेत असेही नाही. मात्र त्याच डिसेंबरात एका सोमवारी रात्री रॅम्सविरुद्ध त्याने एका सामन्यात २४१ यार्ड काढले होते. संघ तो सामना हरला, तरी प्रशिक्षकांनी सोडलेले झेल न मोजता त्याच्याकडे चेंडू फेकणे चालूच ठेवले होते, एवढे त्यातून दिसते.

आता दुसरे टोक. रँडी मॉस, मिनेसोटा व्हायकिंग्स, १९९८. वेस्ट व्हर्जिनियातल्या रँड या लहानशा वस्तीतला हा उंच, काटक, कमालीचा वेगवान पोरगा. शाळेतल्या एका मारामारीत सापडला, शिक्षा झाली, नोत्र दाम विद्यापीठाची शिष्यवृत्ती हातची गेली. फ्लोरिडा स्टेटने घेतला, तिथून गांजापायी काढून टाकला. शेवटी मार्शल या तुलनेने लहान विद्यापीठात त्याने धुमाकूळ घातला. व्यावसायिक संघांची वार्षिक निवड म्हणजे ड्राफ्ट. आदल्या वर्षी जो संघ तळाला, त्याला पहिली पसंती. त्या निवडीत वीस नावे पुकारली गेली आणि त्यात मॉस नव्हता. प्रत्येकाने त्याच्या कुवतीचा कागद पाहिला होता. प्रत्येकाने चारित्र्याचा रकानाही पाहिला होता. एकविसावे नाव त्याचे.

पुढे काय झाले ते आकड्यांतच सांगतो. ६९ झेल, १,३१३ यार्ड आणि १७ टचडाउन. नवख्याने पकडलेल्या टचडाउनचा हा विक्रम पाव शतक उलटून गेले तरी अबाधित आहे. त्याला नाकारणाऱ्यांत डॅलस काउबॉइज होते, आठव्या क्रमांकावर. नोव्हेंबर १९९८ मध्ये थँक्सगिव्हिंगच्या दिवशी, साऱ्या अमेरिकेचे जेवण टीव्हीसमोर चालू असताना, मॉस डॅलसमध्ये खेळला. झेल फक्त तीन. ५१ यार्ड, ५६ यार्ड, ५६ यार्ड; तिन्ही टचडाउन. एकूण १६३. इतक्या कमी नोंदींत एवढी मोठी शिल्लक मी तरी कोणाच्या खात्यावर पाहिलेली नाही.

ही गोष्ट आपल्याकडे सांगायची तर 'नाकारलेल्याने कसा धडा शिकवला' अशीच सांगितली जाईल. मला तिच्यातले दुसरेच काही महत्त्वाचे वाटते. मॉस ज्या संघात गेला तिथे क्रिस कार्टर होता: नामांकित, मुरलेला रिसीव्हर, आणि ज्याने स्वतः व्यसनातून बाहेर पडून कारकीर्द पुन्हा उभी केली असा माणूस. त्याने या मुलाला आपल्या पंखाखाली घेतले. रँडल कनिंगहॅमसारखा लांब फेकणारा क्वार्टरबॅक होता. प्रशिक्षक डेनिस ग्रीन यांना मॉसचा भूतकाळ ठाऊक होता आणि तो ठाऊक असूनच त्यांनी त्याला घेतले होते. तोच मॉस दुसऱ्या एखाद्या संघात गेला असता तर? कोण जाणे. व्हायकिंग्स त्या वर्षी सोळापैकी पंधरा सामने जिंकले. आणि अंतिम फेरीच्या उंबरठ्यावर अटलांटाकडून ३०-२७ असे हरले. वर्षभर एकही किक न चुकलेला गॅरी अँडरसन नेमका त्या दिवशी ३८ यार्डांवरून चुकला. खेळ हा असा असतो.

नवख्यांचे आकडे जसजसे वाचत गेलो तसतसे लक्षात आले की त्यांच्यामागे जवळजवळ नेहमी आणखी एक माणूस उभा असतो, आणि आपण त्याच्याकडे पाहत नाही. २०१९ साली लुइझियाना स्टेट विद्यापीठाचा संघ पंधराच्या पंधरा सामने जिंकला. त्या एका कॉलेज संघात जस्टिन जेफरसन आणि जमार चेस हे दोन रिसीव्हर, आणि फेकणारा जो बरो. जेफरसन २०२० मध्ये मिनेसोटात गेला, बाविसाव्या क्रमांकावर. त्याच्या लगेच आधी फिलाडेल्फियाने दुसराच रिसीव्हर उचलला होता आणि त्याबद्दल ते शहर अजून कपाळावर हात मारते. पहिले दोन सामने जेफरसन सुरुवातीच्या अकरांत नव्हता. दोन्ही मिळून ७० यार्ड. तिसऱ्या सामन्यात सुरुवातीपासून खेळवला, १७५ यार्ड. दोन आठवड्यांत त्या मुलात काय फरक पडला असेल? काहीही नाही. वर्षअखेर १,४०० यार्ड. नॅशनल फुटबॉल लीगमध्ये तोवर कोणत्याही नवख्याने एवढे केले नव्हते. आणि हे सगळे करोनाच्या वर्षात, रिकाम्या खुर्च्यांपुढे.

चेसची हकिकत आणखी गमतीची. २०२१ मध्ये सिनसिनाटीने त्याला पाचव्या क्रमांकावर घेतले. ऑगस्टच्या सरावसामन्यांत तो एकामागून एक चेंडू सोडू लागला. व्यावसायिक चेंडूवर कॉलेजच्या चेंडूसारखे पांढरे पट्टे नसतात, त्यामुळे तो येताना नीट दिसत नाही, असे त्याने भाबडेपणाने सांगून टाकले. झाले! वृत्तपत्रांनी त्याची यथेच्छ टिंगल केली. पण सिनसिनाटीत चेंडू फेकणारा होता जो बरो, कॉलेजातला तोच जोडीदार. त्याने या मुलाला हजार वेळा पळताना पाहिले होते. तो सरावातले सुटलेले झेल कशाला मोजत बसेल? जानेवारी २०२२ च्या दुसऱ्या दिवशी कॅन्सस सिटीविरुद्ध चेसने एका सामन्यात २६६ यार्ड काढले, वर्षाचे १,४५५. जेफरसनचा विक्रम एका वर्षात मोडला, आणि मोडणारा त्याचाच कॉलेजातला संघसोबती.

इथे ओडेल बेकहॅमचे नाव न घेतले तर नातू रागावेल. २०१४ मध्ये न्यूयॉर्क जायंट्सच्या या नवख्याने, मागच्या बाजूला पूर्ण कमान होऊन हवेत आडवे पडत, उजव्या हाताच्या तीन बोटांनी घेतलेला तो झेल अमेरिकेतल्या पोरासोरांनी अंगणाअंगणात घेऊन पाहिला. दुखापतीने पहिले चार सामने गेले, तरी बारा सामन्यांत १,३०५ यार्ड. तो झेल घेतला तो सामना जायंट्स हरले होते, हे मात्र कोणाला आठवत नाही.

माझा सगळ्यात आवडता नवखा वेगळाच आहे. त्यासाठी ७ सप्टेंबर २००३ या तारखेकडे जावे लागते. डेट्रॉइट, मोसमाचा पहिला दिवस, समोर ॲरिझोना कार्डिनल्स. मैदानावर दोन नवखे रिसीव्हर. एक डेट्रॉइटचा चार्ल्स रॉजर्स, त्याच मिशिगन राज्याचा लाडका, संपूर्ण ड्राफ्टमधले दुसरे नाव. दुसरा ॲरिझोनाचा अँक्वान बोल्डिन, चौपन्नावे नाव. का चौपन्नावे? तर चाळीस यार्डांच्या चाचणीत तो सावकाश पळाला. पावणेपाच सेकंदांच्या आसपास, म्हणजे या धंद्यात जवळजवळ बैलगाडी. कॉलेजात गुडघ्याचे अस्थिबंध तुटून एक अख्खे वर्ष गेलेले.

बोल्डिन फ्लोरिडातल्या पहोकीचा. ओकीचोबी सरोवराच्या काठचा काळ्या मातीचा हा मुलूख, सगळा ऊस. तोडणीआधी तिथे उसाचा पाचोळा पेटवून देतात आणि आगीतून जीव घेऊन सुटलेल्या सशांमागे तिथली पोरे धावतात. त्यातूनच त्यांचे पाय तयार होतात असे सांगतात. मी स्वतः उसाच्या पट्ट्यात तीन वर्षे शाखा सांभाळली आहे. आपल्याकडे जळीत उसाच्या दरात कपात होते म्हणून शेतकरी कपाळाला हात लावतो. तिथे त्याच आगीतून खेळाडू निघतात. ससा काही चाळीस यार्ड सरळ रेषेत पळून दाखवत नाही. क्षणाक्षणाला वाट बदलतो. घड्याळ लावून मोजणाऱ्यांनी नेमके हेच मोजले नव्हते.

त्या दिवशी रॉजर्सने दोन टचडाउन पकडले, आणि डेट्रॉइट ४२-२४ असे जिंकले. गाव आनंदात न्हाले. हरलेल्या बाजूच्या बोल्डिनने मात्र १० झेल घेऊन २१७ यार्ड काढले होते. पहिल्याच सामन्यात एवढे! वर्षाला १०१ झेल, १,३७७ यार्ड, आणि तेही सोळापैकी बारा सामने हरणाऱ्या संघात. पुढे तो चौदा मोसम खेळला, एक सुपर बोल जिंकला. २०१५ साली त्याच्या चुलतनात्यातल्या एका तरुणाचा पोलिसाच्या गोळीने जीव गेला. त्यानंतर दोन वर्षांनी खेळ सोडताना त्याने सांगितले की आता आयुष्य सामाजिक न्यायाच्या कामाला द्यायचे आहे.

आणि रॉजर्स? पाच सामन्यांनंतर सरावात त्याच्या गळ्याजवळचे हाड मोडले. पुढच्या वर्षी पहिल्याच सामन्यात तेच हाड पुन्हा. मग वेदनाशामक गोळ्या, मग त्यांची सवय, मग बंदी. करारावेळी दिलेल्या बोनसचा मोठा हिस्सा संघाने परत मागितला. तीन वर्षांत कारकीर्द संपली. एकूण झेल ३६. २०१९ मध्ये तो गेला तेव्हा अडतीस वर्षांचा होता. मी वसुलीची कामे केलेली आहेत. थकलेल्या कर्जदाराच्या ओसरीवर बसून पाणी प्यायलो आहे. ती नोटीस वाचणाऱ्या पोराचा चेहरा मला न पाहताही दिसतो.

म्हणजे पहिल्या वर्षावरून पुढचे काहीच सांगता येत नाही, असे म्हणायचे का? तसेही नाही, पण जेवढे सांगता येते असे आपल्याला वाटते तेवढे नक्कीच नाही. टँपा बेचा मायकेल क्लेटन पहिल्या वर्षी, २००४ मध्ये, १,१९३ यार्ड करून गेला. त्यानंतर आयुष्यात एकदाही त्याला वर्षाला पाचशे गाठता आले नाहीत. आपल्याला नरेंद्र हिरवाणी आठवावा. १९८८ मध्ये मद्रासला पहिल्याच कसोटीत १६ बळी, आणि पुढे एकूण सतरा कसोटी सामने. अशा माणसाला आपण 'एका वर्षाचा राजा' म्हणून हिणवतो. मला ते आवडत नाही. ते वर्ष तर खरे होते ना? ते काही त्याने उसने आणले नव्हते. माझ्या पहिल्या कादंबरीला चार बरे शब्द मिळाले आणि दुसरीच्या वाट्याला दोन ओळींचे परीक्षणही आले नाही, तेव्हापासून मी या बाबतीत हळवा झालो आहे, हे मान्य.

पैशाचे गणितही पाहण्यासारखे आहे. २०११ च्या करारापासून नवख्याचा मोबदला त्याच्या निवडीच्या क्रमांकावर बांधलेला असतो, चार वर्षांसाठी. पहिल्याच वर्षी त्याने आभाळ फाडले तरी तीन मोसम पुरे होईपर्यंत नवा करार मागता येत नाही. म्हणजे मूल्यमापनात चूक केली संघांनी, आणि त्या चुकीचे व्याज मिळते तेही संघांनाच! पाचव्या फेरीतला मुलगा तीन वर्षे पाचव्या फेरीच्याच दराने अंग मोडून घेतो. ज्या खेळात एका आघातात कारकीर्द संपते, तिथे हा नियम मला उघड अन्यायाचा वाटतो. 'सगळ्यांनाच लागू आहे' हे काही त्याचे समर्थन नव्हे. तसे व्याजही सगळ्यांनाच लागू असते. पण मुदतवाढ आम्ही माणूस पाहून देत असू.

माणूस पाहून. हे मी किती सहज लिहून गेलो!

नव्वदीच्या सुरुवातीला मी शाखाप्रमुख असताना एकाच वर्षी दोन प्रोबेशनर अधिकारी माझ्या हाताखाली आले. एक विद्यापीठाचा सुवर्णपदकवाला, बोलका, साहेबांसमोर आकडे तोंडपाठ म्हणणारा. दुसरा खेड्यातून आलेला, इंग्रजी अडखळत बोलणारा, कोणी विचारले तरच उत्तर देणारा. पहिल्याला मी पहिल्याच महिन्यात कर्जाच्या टेबलावर बसवले. पाहणीला जाताना मोटारसायकलवर मागे तोच असे. दुसऱ्याला दिले क्लिअरिंग. वर्षभर तो चेक लावत राहिला, खतावणी जुळवत राहिला. एका पैशाचा फरक कधी आला नाही. वर्षाअखेरीस गोपनीय अहवाल लिहायची वेळ आली तेव्हा पहिल्याबद्दल मी भरभरून लिहिले. दुसऱ्याच्या अहवालात 'निर्णयक्षमता' या रकान्यासमोर लिहिले: 'दिसून आली नाही.'

त्यावेळी ते वाक्य मला अगदी प्रामाणिक वाटले. दिसून आली नव्हती, हे खरेच होते. वर्षभरात निर्णय घेण्याजोगा एकही कागद मी त्याच्या टेबलावर जाऊ दिला नव्हता, ही गोष्ट त्या रकान्यात बसत नव्हती. त्याचे कायम होणे सहा महिने लांबले. तो माझ्याकडे आला, म्हणाला, "साहेब, माझं काय चुकलं ते सांगितलंत तर सुधारता येईल." मी काहीतरी वडीलधारे उत्तर दिले; काय दिले ते आठवत नाही, आणि आठवत नाही हेच जास्त लागते. दोन वर्षांत त्याने नोकरी सोडली. पुढे एका लग्नात भेटला, वाकून नमस्कार केला, बायकोची ओळख करून दिली. मी विचारले, "सध्या काय करता?" स्वतःचा काही व्यवसाय असल्याचे त्याने सांगितले. मी अहवालाचा विषय काढला नाही. त्यानेही नाही.

न्यू जर्सीतल्या त्या सोफ्यावर बसून जेफरसनच्या पहिल्या दोन आणि तिसऱ्या सामन्याचे आकडे वाचताना मला तो मुलगा आठवला. सत्तर यार्ड. दिसून आली नाही.

नाकुआचेही तसेच झाले असते. रॅम्सकडे कूपर कप हा नावाजलेला रिसीव्हर होता. २०२३ च्या मोसमाआधी त्याचा मांडीमागचा स्नायू दुखावला आणि पहिले चार सामने तो बाहेर बसला. जागा रिकामी झाली म्हणून हा पाचव्या फेरीतला मुलगा पुढे आला. पहिल्या सामन्यात १० झेल, दुसऱ्यात १५. मॅथ्यू स्टॅफर्डसारख्या जुन्या, जाणत्या क्वार्टरबॅकने त्याच्याकडे चेंडू फेकायला सुरुवात केली आणि मग कप परतल्यावरही थांबवले नाही. कपचा स्नायू धडधाकट असता तर या मुलाचे पहिले वर्ष कोणत्या रकान्यात गेले असते, याचा विचार करून पाहावा.

नवख्याच्या यार्डांचा सर्वांत जुना मोठा आकडा होता बिल ग्रोमनचा, १,४७३. ओहायोतल्या छोट्याशा हायडेलबर्ग कॉलेजातला हा ग्रोमन १९६० मध्ये ह्यूस्टन ऑयलर्सकडून खेळला. त्या वर्षी अमेरिकन फुटबॉल लीग ही दुसरी संघटना नव्यानेच सुरू झाली होती. जुन्या लीगमध्ये ज्यांना जागा नव्हती अशा अनेकांना तिथे दार उघडले. फेकणारा होता जॉर्ज ब्लँडा. चौदा सामन्यांत केलेला हा आकडा त्रेसष्ट वर्षे टिकला. आता सामने सतरा असतात, तरी टिकला. म्हणून नाकुआने तो मोडला तरी ग्रोमन माझ्या लेखी उणा होत नाही. सामन्यामागे पाहिले तर तोच अजून पुढे आहे. नातवाला हे पटत नाही.

मी डिसेंबरात परत आलो. आठ जानेवारी २०२४ ला सकाळी सातला फोन वाजला. तिकडे रविवारची रात्र होती.

"आजोबा, झालं! दोन्ही रेकॉर्ड्स!"

सॅन फ्रान्सिस्कोविरुद्धचा मोसमातला शेवटचा सामना. रॅम्सचे पुढल्या फेरीतले स्थान आधीच पक्के झाले होते म्हणून स्टॅफर्डला आणि कपला विश्रांती दिलेली. नाकुआला मात्र उतरवले. झेलांच्या विक्रमाला चार झेल हवे होते, यार्डांच्या विक्रमाला २९. फेकायला त्या दिवशी कार्सन वेन्ट्झ होता. आणि तो पुन्हा पुन्हा या एकाकडेच फेकत होता. चार झेल, ४१ यार्ड. १०५ आणि १,४८६. चौथा झेल झाला, विक्रम झाला, आणि त्याला लगेच बाहेर बोलावून घेतले. पुढच्याच वर्षी, २०२४ मध्ये, झेलांचा आकडा दोन नवख्यांनी ओलांडला, त्यातला एक आपल्या न्यू जर्सीच्याच मैदानावर खेळणाऱ्या जायंट्सचा मलिक नेबर्स; पण ते पुढचे.

"आणि तुझा डाव?" मी विचारले. "तू पहिला आलास की नाही?"

"नाही हो आजोबा. चौथा." पलीकडे जरा शांतता. "माझा क्वार्टरबॅक ॲरन रॉजर्स होता ना. पहिल्याच मॅचमध्ये चौथ्या बॉलला त्याचा पाय गेला. वर्षभर पुन्हा खेळलाच नाही."

"तो कोणी सुचवला होता?"

"बाबांनी. म्हणाले, नाव असलेला घे."

मागून जावयांचा आवाज आला, "आजोबांना सांग, पुढच्या वर्षी आपण तिघं मिळून ठरवू." मी म्हटले, "मला त्यात घेऊ नका." आणि फोन लेकीकडे द्यायला सांगितला.